चीन देशीं मास्तरकी

दिवाळीच्या सुटीपूर्वीं एके दिवशीं शाळा सुटल्यावर पवनीकडील एक पालक आम्हांस भेटावयास आले. त्यांच्या हातांत मोबाईल होता आणि त्यावर कोणा दलालानें पाठविलेली एक जाहिरात होती. दक्षिण चीनमध्यें इंग्रजीचे शिक्षक पाहिजेत, राहण्याची सोय फुकट, पगार भरपूर, अनुभवाची जरूर नाहीं, असा तींतील मजकूर. त्यांचा मुलगा आमच्याच शाळेंतून दहावी होऊन पुढें गेला आहे व इंग्रजी विषय घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षास आहे. "गुरुजी, पोरगा म्हनते का बी. ए. झाल्यावर चीनमंदी इंग्रजीचा मास्तर होतो. असं होऊ शकते का? धानाचे पैसे आले का देतो म्हटलं त्या मानसाले." दलालास कांहीं रक्कम आगाऊ द्यावयाची होती. आम्ही त्यांना चार दिवस थांबावयास सांगितलें व घरीं येऊन विचार करूं लागलों. हें उत्तर एका पालकापुरतें नाहीं, असें लौकरच आमच्या ध्यानांत आलें. म्हणून यंदाच्या अंकांत हा पाठ आम्ही विद्यार्थी व पालक या दोघांकरितांही लिहीत आहों.

विद्यार्थिमित्रहो, आरंभीं नकाशा उघडा. चीनच्या दक्षिण टोंकास ग्वांगतुंग म्हणून प्रांत आहे व त्याचें मुख्य शहर ग्वांगझौ. जुन्या पुस्तकांत त्यास कँटन म्हणत. हें शहर सुमारें २३ अंश ८ कला उत्तर अक्षांशावर आहे, आणि आपलें भंडारा सुमारें २१ अंश १० कलांवर. म्हणजे ज्याला आपण दक्षिण चीन म्हणतों तो प्रांत आपल्या गांवाहूनही थोडा उत्तरेसच पडतो! कर्कवृत्त त्या शहराच्या किंचित् उत्तरेकडून जातें. तेथेंही मोसमी पाऊस पडतो, तेथेंही भात पिकतो, आणि बांध्यांतून रेडे चिखल तुडवितात. वैनगंगेच्या खोऱ्यांतील मुलास तेथील शेत पाहून परकें वाटावें असें फार थोडें आहे. परकी वाटेल ती हवेंतील चिकट दमट आणि समुद्रावरून येणारीं तुफानें.

शिवाय चीन आपल्या घरांत केव्हांच येऊन बसला आहे. आपण सकाळीं 'चहा' घेतों तो त्यांचाच 'छा' होय. कँटनकडे व उत्तरेकडे हा शब्द 'छा' असा बोलतात. त्याच पानास फुकिएन किनाऱ्यावरील लोक 'ते' म्हणतात. डच व्यापाऱ्यांनीं त्या किनाऱ्यावरून माल नेला, म्हणून युरोपांत 'ते'चा 'टी' झाला. आणि पोर्तुगीजांनीं मकाव बंदरांतून नेला, म्हणून त्यांच्याकडे 'चा' राहिला. एका पेल्याचीं दोन नांवें, आणि दोन्ही चिनीच. इंग्रजीच्या तासाला 'टी' आणि घरीं 'चहा' म्हणणाऱ्या मुलाला आपण दोन चिनी बंदरांची बोली बोलत आहों हें माहीत नसतें. लिची या फळाचें नांवही त्याच ग्वांगतुंग प्रांतांतून फळाबरोबर जगभर गेलें.

पण आपल्या किनाऱ्यावरून तिकडे काय गेलें, हेंही सांगितलें पाहिजे. तें सांगतांना मान खालीं घालावी लागते. मुंबईच्या व्यापाऱ्यांचीं गलबतें अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कँटनला जात. सर जमशेटजी जिजीभाई यांनीं तरुणपणीं तिकडे पांच सफरी केल्या. ह्या गलबतांत आपल्या इकडचा कापूस असे, आणि त्याबरोबर माळव्याची अफूही असे. त्या अफूनें चीनमधील किती घरें बसलीं याची मोजदाद कठीण. १८३९ सालीं कँटनमध्यें चिनी अधिकाऱ्यानें हजारों पेट्या अफू जप्त करून नष्ट केली व त्यावरून इंग्रजांनीं युद्ध पुकारलें. १८४२ च्या तहानें हाँगकाँग बेट त्यांच्या हातीं गेलें. मुंबईच्या कित्येक इमारती व धर्मादाय संस्था ह्या व्यापाराच्या नफ्यांतून उभ्या राहिल्या.

शंभर वर्षांच्या आंतच त्याच मुंबई बंदरांतून त्याच कँटनकडे एक निराळा माल निघाला. जपाननें १९३७ सालीं चीनवर स्वारी केली, तेव्हां चिनी सेनापती चू ते यांनीं पंडित नेहरूंस पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ सालीं काँग्रेसचे अध्यक्ष असलेले सुभाषचंद्र बोस यांनीं देशापुढें झोळी पसरली. बावीस हजार रुपये जमले, आणि पांच डॉक्टरांचें एक पथक सिद्ध झालें. त्यांचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, ते स्पेनच्या यादवी युद्धांतही काम करून आले होते. पांचांत वयानें वडील ते आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर. कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुकर्जी. आणि पांचवे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस, मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी, वय वर्षें सत्तावीस. 'राजपुताना' नांवाच्या आगबोटीनें १ सप्टेंबर १९३८ रोजीं हे पांच जण मुंबईहून निघाले आणि हाँगकाँगवरून १७ सप्टेंबर रोजीं कँटन येथें उतरले. तेथें डॉ. सुन् यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनीं त्यांचें स्वागत केलें. त्यानंतर सव्वा महिन्याच्या आंतच, २१ ऑक्टोबर रोजीं, कँटन जपान्यांच्या हातीं पडलें. तोंवर हें पथक उत्तरेकडे पुढें गेलेलें होतें.

ह्या पांचांची कथा बहुतेकांनीं शूरांची कथा म्हणून ऐकली असेल, व्ही. शांताराम यांनीं १९४६ सालीं तिजवर चित्रपटही काढला. आम्ही ती येथें मास्तराची कथा म्हणून सांगणार आहों. कारण कोटणीस चीनमध्यें गेले ते शस्त्रवैद्य म्हणून, पण पुढें त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग शिकविण्यांत गेला, आणि परदेशीं शिकवावें कसें याचें इतकें उत्तम उदाहरण मराठी माणसांत आम्हांस दुसरें ठाऊक नाहीं.

पथक चुंगकिंग येथें असतां शांतिनिकेतनांतील चीनभवनाचे प्राध्यापक तान युन-शान यांनीं ह्या पांचांना चिनी नांवें दिलीं. प्रत्येकाच्या नांवाच्या शेवटीं 'ह्वा' हें अक्षर जोडलें. 'ह्वा' म्हणजे चीन. कोटणिसांचें नांव झालें 'ख ति-ह्वा'. आतां येथें एक गंमत पाहा. रोमन लिपींत हें नांव लिहितांना पहिलें अक्षर इंग्रजी 'के'नें व दुसरें 'डी'नें लिहितात. म्हणून इंग्रजीवाटे गेलेला मनुष्य 'के दिहुआ' असें कांहींतरी म्हणतो. पण चिनी भाषेंत त्या जागीं आपला 'द' नाहींच. तेथें भेद आहे तो अल्पप्राण आणि महाप्राण यांचा, म्हणजे क आणि ख, त आणि थ, प आणि फ यांचा. ('फ' म्हणजे ओठ मिटून काढलेला जुना शुद्ध 'फ', 'फॅन'मधला नव्हे.) इंग्रज विद्यार्थ्यास हा भेद कानानें ओळखावयास पुष्कळ दिवस लागतात. मराठी मूल मात्र बाराखडी घोकतांनाच तो शिकून बसलेलें असतें. तसेंच आपल्या 'चमचा' शब्दांतील पहिला 'च' घ्या. तो 'चिमणी'तील 'च'हून निराळा, दांतांपाशीं उच्चारलेला आहे. हा दांतांचा 'च' चिनी भाषेंतही आहे. ज्या पंतोजींच्या छडीखालीं आपल्या आजोबांनीं कखग गिरविलें, त्यांनीं नकळत त्यांच्याकडून चिनी उच्चारांची निम्मी तयारी करून घेतली होती, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

निम्मी म्हणण्याचें कारण, उरलेली निम्मी अवघड आहे. चिनी भाषेंत अक्षराचा सूर बदलला कीं अर्थ बदलतो. उत्तरेकडील राजभाषेंत मुख्य सूर चार. 'मा' सपाट उंच सुरांत म्हटलें तर आई, चढत्या सुरांत ताग, खालीं वळून वर येणाऱ्या सुरांत घोडा, आणि झटकन् उतरत्या सुरांत शिव्या देणें. कँटनच्या बोलींत सूर सहा. ही बोली व राजभाषा इतक्या भिन्न आहेत कीं एकीच्या माणसास दुसरी बोललेली कळत नाहीं. लिपि मात्र बव्हंशीं एकच असल्यामुळें लिहून दाखविलें तर काम भागतें. म्हणून दक्षिण चीनमध्यें जाणाऱ्यानें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. शाळेंत राजभाषा चालते, पण बाजारांत, बसमध्यें व मुलांच्या आज्यांच्या तोंडीं अद्याप पुष्कळ ठिकाणीं कँटनची बोलीच आहे.

कोटणिसांनीं राजभाषा शिकावयास घेतली ती वाटेंतच. आरंभीं दुभाषी असत, आणि पांचही डॉक्टर आपापसांत इंग्रजीच बोलत. इतक्यांत घरून वडील वारल्याची वार्ता आली. परत जावें असें सहकाऱ्यांनीं सुचविलें, पण ते गेले नाहींत. १२ फेब्रुवारी १९३९ रोजीं पथक येनान येथें पोहोंचलें. त्याच वर्षीं चोळकर व मुकर्जी स्वदेशीं परतले. पुढल्या वर्षीं अटल परतले. कोटणीस आणि बसू जपानी फौजांच्या पिछाडीस असलेल्या डोंगराळ मुलखांत गेले व बसूही कांहीं काळानें येनानला परतले. होपे प्रांतांतील एका खेडवळ भागांत कोटणीस एकटे हिंदी उरले. आतां मराठी बोलावयास कोणी नाहीं आणि इंग्रजी समजणारे बोटांवर मोजण्याइतके.

तेथें कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नांवाची वैद्यकीय शाळा होती. बेथ्यून स्वतः १२ नोव्हेंबर १९३९ रोजीं शस्त्रक्रियेंत बोटास झालेल्या जखमेंतून रक्तदोष होऊन वारले होते. त्या शाळेंत कोटणीस शस्त्रवैद्यक शिकवूं लागले, आणि जानेवारी १९४१ पासून तिच्याशीं जोडलेल्या बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. विद्यार्थी म्हणजे बहुशः शेतकऱ्यांचीं मुलें. कित्येकांस जेमतेम लिहितां वाचतां येई. शत्रु चाल करून आला कीं शाळा व रुग्णालय दोन्ही पाठीवर टाकून दुसऱ्या खेड्यांत जावें लागे.

आतां क्षणभर कल्पना करा. कोटणिसांनीं वैद्यकाचा प्रत्येक शब्द इंग्रजींत शिकलेला. त्यांच्या डोक्यांतलें ज्ञान सारें इंग्रजी वेष्टनांत बांधलेलें. समोरच्या मुलांस इंग्रजीचा गंधही नाहीं. त्यांनीं दुभाष्यामार्फत शिकविलें असतें तरी त्यांना कोणी नांव ठेवलें नसतें. पण त्यांनीं तें वेष्टन सोडलें. चिनी बोलावयास शिकले, वाचावयास शिकले, आणि जें शिकण्यास चिनी मुलांसही वर्षें लागतात तें लिहिणेंही शिकले. वर्गांत चिनींत व्याख्यानें देऊं लागले. एवढ्यानेंही त्यांचें समाधान झालें नाहीं; मुलांपाशीं पुस्तक नव्हतें, म्हणून शस्त्रवैद्यकाच्या सामान्य तत्त्वांवर त्यांनीं चिनी भाषेंत पाठ्यपुस्तक लिहून काढलें व लगेच दुसरें हातीं घेतलें. खेड्यांतील लोक त्यांना 'ख ताइफू' म्हणत, म्हणजे 'ख डॉक्टर'.

२५ नोव्हेंबर १९४१ रोजीं त्यांनीं त्याच शाळेंत शुश्रूषा शिकविणाऱ्या क्वो छिंग-लान यांच्याशीं विवाह केला. २३ ऑगस्ट १९४२ रोजीं मुलगा झाला. त्याचें नांव 'यिन-ह्वा' ठेविलें. 'यिन' म्हणजे हिंदुस्थान, आणि 'ह्वा'चा अर्थ वर आलाच आहे. ह्या सुमारास कोटणिसांना अपस्माराचे झटके येऊं लागले होते. विश्रांति घ्यावी असें सर्वांचें म्हणणें. पण दुसरें पुस्तक चालूच होतें. ९ डिसेंबर १९४२ रोजीं को-कुंग या गांवीं त्यांचें देहावसान झालें. वय बत्तीस. मूल साडेतीन महिन्यांचें. दुसरें पुस्तक अपुरें राहिलें.

ही कथा वाचून आमच्या एका सहकारी शिक्षकांनीं विचारलें, "पण त्यांनीं इंग्रजी कोठें शिकविली? तुमचा विषय तर इंग्रजीच्या मास्तराचा." त्यांचा आक्षेप रास्त आहे. परंतु आमचें म्हणणें असें कीं इंग्रजीच्या मास्तरासही हीच वाट चालावी लागते, फक्त उलट्या दिशेनें. शिकणाऱ्याच्या तोंडांत कोणती भाषा आहे हें ज्यास ठाऊक नाहीं, त्याला त्या तोंडांत दुसरी भाषा घालतां येत नाहीं.

ह्याचे पुरावे जुनेही आहेत. विल्यम कॅरे यांनीं बंगालमध्यें बसून १८०५ सालीं मराठीचें व्याकरण व १८१० सालीं मराठी कोश छापला, तो मराठी मुलखांत न येतां. त्यांचे मराठीचे पंडित वैजनाथ शर्मा हे नागपूरकडचे. त्यामुळें कॅरेसाहेबांच्या मराठींत आपल्या इकडच्या बोलीचा वास येतो, असें जाणते सांगतात. त्याच श्रीरामपुरांत त्याच मंडळींतले जोशुआ मार्शमन चिनी शिकत होते. त्यांचा गुरु मकावमध्यें जन्मलेला लासार नांवाचा एक अर्मेनियन होता. मार्शमन यांचें चिनी व्याकरण १८१४ त प्रसिद्ध झालें. म्हणजे एकाच आवारांत एका खोलींत नागपूरची मराठी आणि दुसरींत चिनी असा अभ्यास चाले! मार्शमन चीनमध्यें कधींच गेले नाहींत. त्या काळीं कँटनमध्यें रॉबर्ट मॉरिसन होते. ते १८०७ सालीं तेथें उतरले, आणि परक्यास चिनी शिकविणें हाच चिनी कायद्यानें गुन्हा असतां त्यांनीं चोरून शिक्षक मिळवून मोठा चिनी-इंग्रजी कोश रचला. मॉरिसन यांच्या स्मरणार्थ मकाव येथें १८३९ सालीं जी शाळा उघडली, तींतील एक विद्यार्थी युंग विंग पुढें अमेरिकेस गेला व १८५४ त येल विद्यापीठाचा पदवीधर झाला. अमेरिकन विद्यापीठाची पदवी मिळविणारा तो पहिला चिनी होय. दक्षिण चीनमधील इंग्रजी शिक्षणाचें झाड असें कोशांच्या मुळांवर वाढलें आहे.

आतां आजच्या वर्गाकडे येऊं. चीनमध्यें २००१ सालच्या धोरणापासून इंग्रजी बहुतेक ठिकाणीं तिसऱ्या इयत्तेपासून शिकवितात व महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेंत परभाषेची परीक्षा असते. कँटनकडील मूल इंग्रजी बोलतांना कोठें अडखळतें? एक तर 'ही' आणि 'शी' यांत. 'तो' व 'ती' यांस त्यांच्या बोलण्यांत एकच शब्द आहे. म्हणून बुद्धिमान मूलही आईविषयीं बोलतांना 'ही' म्हणून जातें. दुसरें, क्रियापदाचें रूप. त्यांच्याकडे क्रियापद काळाप्रमाणें बदलत नाहीं. 'काल' हा शब्द घातला कीं भूतकाळ झाला. नामाचें अनेकवचनही नाहीं. संख्येनंतर मात्र एक मोजमापाचा शब्द घालावा लागतो, जसें आपण 'चार नग' किंवा 'तीन जणी' म्हणतों. शब्दाच्या शेवटचें व्यंजन तें मूल गिळतें आणि जोडाक्षरांत त्याची जीभ अडकते. आणखी एक मौज अशी कीं तिकडील पुष्कळ लोक बोलतांना शब्दारंभीच्या 'न'चा 'ल' करितात. 'तूं' या अर्थाचा 'नेइ' हा शब्द सर्रास 'लेइ' असा ऐकूं येतो. त्यामुळें 'नाइट' आणि 'लाइट' ह्यांत त्या मुलांची गाळण उडते.

आणि 'ए', 'ॲन', 'दि'! हीं उपपदें चिनींत नाहींत, मराठींतही नाहींत. इंग्रज मास्तर म्हणतो, "येथें 'दि' पाहिजे, कानास बरें लागतें." त्याच्या कानास लागतें, मुलाच्या कानास कसें लागावें? ज्यानें स्वतः आठवींत 'दि'वरून मार खाल्ला आहे, तोच सांगूं शकेल कीं येथें हा शब्द कां आला आणि तेथें कां नाहीं. आमचें असें ठाम मत आहे कीं जी भाषा मनुष्य कष्टानें शिकला, तिच्यांतले खड्डे त्यास जन्मभाषा बोलणाऱ्याहून अधिक नीट दाखवितां येतात. उच्चाराचें मात्र तसें नाहीं. तेथें आपणही 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांस एकच 'व' करितों, तेव्हां फुशारकी मारूं नये.

न आणि ल यांवरून आम्हांस एक जुनी गोष्ट आठवते, ती सांगणें भाग आहे. आम्ही ह्या जिल्ह्यांत नव्यानें शिकवूं लागलों त्या वर्षीं साकोलीकडील एक मुलगा मोठ्यानें वाचतांना 'डोळा'स 'डोरा' आणि 'पाणी'स 'पानी' म्हणाला. वर्ग हंसला व आम्हीही हंसलों. पुढें वर्षभर तो मुलगा वर्गांत मोठ्यानें वाचावयास उभा राहिला नाहीं. इंग्रजीच्या तासालाही नाहीं. झाडीपट्टीच्या बोलींत ण आणि ळ नाहींत, त्यांच्या जागीं न आणि र येतात, ही तिची रीत आहे, चूक नव्हे, हें आम्हांस फार उशिरां कळलें. तें आधीं कळलें असतें तर त्या मुलास आम्ही म्हटलें असतें, "बाळ, तुझ्या घरीं 'र' आहे, पुस्तकांत 'ळ' आहे, दोन्ही शीक." त्याच वाक्यानें कँटनच्या मुलाचें 'लाइट' आणि 'नाइट' सुधारतां येतें. हंसण्यानें येत नाहीं. तो मुलगा दहावीपूर्वींच शाळा सोडून गेला. त्याचें कारण केवळ तें हंसणेंच होतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण तें नव्हतेंच असें म्हणण्याचाही धीर आम्हांस होत नाहीं.

एवढें सांगून झाल्यावर पालकवर्गासाठीं रोकडा व्यवहार. चीन सरकारनें परदेशी नोकरांसाठीं २०१७ पासून देशभर जी परवान्याची पद्धति चालू केली, तिच्याप्रमाणें भाषाशिक्षकानें तत्त्वतः आपली मातृभाषाच शिकवावी, तो पदवीधर असावा व त्यास सामान्यतः दोन वर्षांचा संबंधित अनुभव असावा. मातृभाषा कोणती हें बहुधा पासपोर्टावरून ठरवितात. त्यामुळें इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांच्या नागरिकांस इंग्रजीच्या शिक्षकाचा परवाना सुलभ होतो, आणि आपल्या नागरिकास, त्याची इंग्रजी कितीही चांगली असो, तो मिळणें फार कठीण. वर जें मत आम्ही मांडलें त्याच्या हें अगदीं विरुद्ध आहे, आणि हा नियम आम्हांस शहाणपणाचा वाटत नाहीं. पण नियम त्यांच्या घरचा आहे. जुलै २०२१ मध्यें आणखी एक हुकूम निघाला. त्यानें शाळेबाहेरच्या नफेखोर शिकवण्या आवळल्या आणि परदेशांत बसून तारायंत्रावरून शिकविणारे परदेशी शिक्षक ठेवण्यासही मनाई केली. (तारायंत्र म्हणजे आजचें इंटरनेट, आमच्या जुन्या लेखणीस क्षमा असावी.) दलालांच्या जाहिराती मात्र हुकूम वाचून निघत नाहींत.

सर्वांत धोक्याची गोष्ट ही कीं असले दलाल मुलास प्रवासी किंवा व्यापारी व्हिसावर पाठवितात आणि "तेथें गेल्यावर परवाना करून देऊं" म्हणतात. तसल्या व्हिसावर काम करणें चीनच्या कायद्यानें गुन्हा आहे. २०१३ पासून अमलांत असलेल्या कायद्याप्रमाणें दंड पांच हजारांपासून वीस हजार युआनपर्यंत होतो, प्रकरण गंभीर असल्यास पांच ते पंधरा दिवस अटकेंत ठेवितात, आणि देशाबाहेर घालवूनही देतात. पकडला जातो तो मुलगा. दलाल नागपुरास नाहीं तर आणखी कोठें खुर्चीवर बसलेला असतो. म्हणून नियम असा धरावा. कामाचा व्हिसा हातीं येईपर्यंत एक पैही द्यावयाची नाहीं व विमानांत पाऊल टाकावयाचें नाहीं.

तरीही दार सर्वस्वीं बंद नाहीं. गणित किंवा विज्ञान हे विषय इंग्रजी माध्यमांतून शिकविणाऱ्या शिक्षकाची गोष्ट भाषाशिक्षकाहून निराळी आहे. तेथें त्या विषयाची पदवी, बी. एड. आणि अनुभव पाहतात. आणि ज्या मातृभाषेच्या अटीनें आपली इंग्रजी अडविली, तीच अट आपल्या देशच्या भाषांस उपयोगी पडते. ग्वांगझौ येथील परदेशी भाषांच्या विद्यापीठांत हिंदी शिकवितात.

चार दिवसांनीं ते पालक पुन्हां आले. नियम आम्ही त्यांस समजावून सांगितले. त्यांनीं जाहिरात पुन्हां एकदां उघडून पाहिली व मोबाईल खिशांत ठेविला. "मग पोराले काय सांगू?" म्हणाले. आम्ही म्हटलें, दलालास नाहीं म्हणून कळवा, धानाचे पैसे बँकेंत ठेवा, मुलास बी. एड.ला घाला, आणि त्याला खरोखर चीनची ओढ असेल तर रविवारीं आमच्याकडे पाठवा. चिनी सुरांच्या ध्वनिफितींचा एक संच आम्हीं मिळविला आहे, आणि पहिल्या धड्यापलीकडे आमचीही मजल गेलेली नाहीं. गेल्या तीन रविवारीं तो येत आहे. 'आई' आणि 'घोडा' ह्यांत त्याची अजून गफलत होते. क आणि ख यांत एकदांही झालेली नाहीं.